लोकलमध्ये अंगाची भट्टी होते, आणि डॉक्टर म्हणतात पिशवी काढून टाका

घामाघूम_बोरिवली:
मैत्रिणींनो, वय ४७. गेले आठ-नऊ महिने पाळीचा काही भरवसा राहिलेला नाही. दोन-दोन महिने गायब, आणि आली की अशी येते की काळ्या सलवारशिवाय ऑफिसला काही घालायची हिंमत होत नाही. तेही निभावलं असतं हो, पण हे अंगातून वाफा निघणं जे सुरू झालंय ना त्याने जीव नकोसा झालाय. परवा सकाळी चर्चगेट फास्ट, लेडीज डब्यात मुंगीला जागा नाही, त्यात ऑक्टोबर. अंधेरी गेलं आणि आधी छातीत धडधडलं, मग तिथून मान, कान, कपाळ असं वर वर चढत गेलं, जणू कुणी तोंडासमोर कुकरचं झाकण उघडलं. वारं लागावं म्हणून दाराकडे सरकले तर वांद्र्याला उतरणाऱ्यांची लाईन आधीच लागलेली, त्यातली एक खेकसली, उतरायचं नाही तर मध्ये कशाला तडमडताय. एका मुलीने दया येऊन सीट दिली, "बसा आंटी". त्या आंटीने अजून घाम फुटला! दोन-तीन मिनिटांनी सगळं ओसरलं आणि मग थंडी वाजायला लागली. ऑफिसात ड्रॉवरमध्ये शाल आणि हातपंखा दोन्ही ठेवलेत, बाकीच्यांना करमणूक.

रात्री तीनला टक्क जाग. चिडचिड तर विचारूच नका, मुलगा परवा म्हणाला आई तू आजकाल शिट्टीच्या आधीच फुटतेस.

डॉक्टरकडे गेले होते. सोनोग्राफीत छोटा फायब्रॉइड (गर्भपिशवीतली साधी गाठ) दिसला. पाच मिनिटं बोलणं झालं असेल नसेल, म्हणाले दोन मुलं झालीत ना, मग पिशवी ठेवून करायचंय काय, काढून टाका, कटकट मिटेल. घरी सासूबाई म्हणतात आम्हाला नाही बाई असलं काही झालं, आमची कधी गेली कळलंसुद्धा नाही. म्हणजे माझंच काहीतरी बिघडलंय का? पिशवी काढली की या वाफा थांबतात का? आणि हॉर्मोनच्या गोळ्यांनी कॅन्सर होतो म्हणतात ते खरं का? अनुभव असलेल्यांनी प्लीज लिहा.

लालबागची_लेक:
तुझं काही बिघडलेलं नाही गं. मी ५२, दोन वर्षं झाली जाऊन. तुझं वाचून मला माझी आई आठवली. आम्ही चाळीत वाढलो, दहा बाय बाराची खोली आणि बाहेर कॉमन गॅलरी. मी कॉलेजात असताना आई अचानक रात्री गादी सोडून गॅलरीत जाऊन झोपायला लागली, गादीबिदी नाही, नुसती उघडी पाठ (ब्लाउजची मागची हुकं काढून) शहाबादी फरशीवर टेकून. डिसेंबरातसुद्धा. आम्हा भावंडांना लाज वाटायची, पहाटे पाणी भरायला उठलेली माणसं तिला ओलांडून जायची. बाबा म्हणायचे हिचं डोकं फिरलंय. शेजारच्या काकूंनी तर कुणाची तरी दृष्ट लागली म्हणून मीठमोहऱ्या ओवाळल्या. तेव्हा ती ४८ची असेल. आता हिशेब लागतो! आई गेली तेव्हा मी ४४ची, विचारायचं राहूनच गेलं.

मला फायदा कशाने झाला तर रात्रीचा चहा बंद केला, जेवण लवकर, सुती गाऊन आणि उशाशी ओला नॅपकिन. वाफा गेल्या असं नाही, पण झोप थोडी परत आली. बाकी औषधाचं जाणकार सांगतील.

निवृत्त_सिस्टर:
मी ३१ वर्षं म्युनिसिपल हॉस्पिटलात काढली, त्यातली बरीच गायनॅक वॉर्डात. डॉक्टर नाही, पण पाहिलंय भरपूर, म्हणून जरा लांब लिहिते.

पहिली गोष्ट, पिशवी काढून वाफा थांबत नाहीत. वाफा पिशवीमुळे येतच नाहीत मुळी. अंडाशयातलं इस्ट्रोजेन हे हॉर्मोन वरखाली होत कमी होतं आणि मेंदूत शरीराचं तापमान सांभाळणारा जो भाग आहे तो फार हळवा होतो, जरा कुठे उष्णता वाढली की त्याला वाटतं आग लागली, मग रक्तवाहिन्या पसरव, घाम काढ. म्हणून आधी लाली आणि घाम, नंतर थंडी. पिशवीबरोबर अंडाशयंही काढली तर हेच सगळं एका रात्रीत येऊन आदळतं. वॉर्डात चाळिशीच्या बायका ऑपरेशननंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी घामाने भिजून बसलेल्या पाहिल्यात, आणि त्यांना कुणी आधी सांगितलेलंच नसायचं. अंडाशयं ठेवली तरी पाळी जाण्याचं वय थोडं अलीकडे येऊ शकतं. बीडच्या ऊसतोड बायकांची बातमी आठवते ना, २०१९ची? हजारो जणींच्या पिशव्या काढलेल्या निघाल्या, सरकारला नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. 'मुलं झाली ना, मग काय करायचीय' हे वाक्य तिकडेही तेच होतं बरं का.

म्हणजे ऑपरेशन कधीच करू नये असं नाही. मोठे फायब्रॉइड, औषधाला दाद न देणारं ब्लीडिंग, कॅन्सर, तेव्हा करावंच लागतं. पण छोटा फायब्रॉइड पाळी गेल्यावर बहुधा आपोआप आक्रसतो. तुझं वय ४५च्या पुढे आहे आणि ब्लीडिंग अनियमित आणि जास्त, तर आधी पिशवीचं अस्तर तपासायला सांग, गरज असेल तर त्याची बायोप्सी. हिमोग्लोबिन आणि थायरॉइड करून घे, थायरॉइड वाढलं तरी धडधड, घाम, चिडचिड सगळं सेम होतं. एफएसएच या पाळीशी संबंधित हॉर्मोनच्या महागड्या टेस्टची ४५ नंतर सहसा गरज नसते, या दिवसांत तो आकडा आज एक उद्या दुसरा. ब्लीडिंगवर गोळ्या आहेत, हॉर्मोनवाली कॉपर-टीसारखी कॉइल असते (तिच्यात कॉपर नसतं), ती बसवली की बऱ्याच जणींचं रक्त जाणं फारच कमी होतं. दर तासाला पॅड भरत असेल तर मात्र घरी बसू नकोस.

आणि पाळी 'गेली' कधी म्हणायची, तर सलग १२ महिने आली नाही तर. तोपर्यंत दिवस राहू शकतात, हे मी हसत नाही लिहीत, ४६व्या वर्षी पोट वाढलं म्हणून आलेल्या बायका पाहिल्यात.

शंकेखोर_ठाणेकर:
सिस्टर, बाकी पटलं, पण हॉर्मोनच्या गोळ्यांबद्दल तुम्ही काहीच बोलला नाहीत. माझ्या बहिणीला तिच्या डॉक्टरने हॉर्मोन सुचवले तर घरात रणकंदन झालं. नैसर्गिक गोष्ट आहे तर कशाला शरीराशी खेळायचं? शतावरी घ्या, नाचणी खा, योगा करा. आमच्या आज्यांनी कुठे गोळ्या घेतल्या.

निवृत्त_सिस्टर:
आज्या गॅलरीत फरशीवर झोपल्या ना, वर वाचा.

ही भीती आली कुठून ते सांगते. अमेरिकेत विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह नावाचा मोठा अभ्यास होता. २००२ मध्ये त्यातला इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन (प्रोजेस्टेरॉनसारखं बनवलेलं हॉर्मोन) एकत्र देण्याचा भाग मध्येच थांबवला, कारण स्तनाचा कॅन्सर, स्ट्रोक वगैरे जास्त दिसले. जगभर बायकांनी एका रात्रीत गोळ्या सोडल्या. पण त्या अभ्यासातल्या बायकांचं सरासरी वय होतं ६३, म्हणजे बहुतेकींची पाळी जाऊन दहा-बारा वर्षं झालेली. पुढे वयाप्रमाणे आकडे पाहिल्यावर आता सर्वसाधारण मत असं आहे की ६०च्या आत किंवा पाळी गेल्यापासून १० वर्षांच्या आत सुरू केलं, आणि त्रास खरंच जास्त असेल, तर बहुतेकींना धोक्यापेक्षा फायदा जास्त. स्तनाचा कॅन्सर होऊन गेलेला, रक्ताच्या गुठळ्या, स्ट्रोक, लिव्हरचा आजार, कारण न कळलेलं ब्लीडिंग, यांनी घ्यायचं नाही. पिशवी असेल तर नुसतं इस्ट्रोजेन द्यायचं नाही, सोबत प्रोजेस्टेरॉन हवंच, नाहीतर अस्तर वाढत जातं. केमिस्टकडून स्वतःच्या मनाने तर मुळीच नाही.

नाचणी जरूर खा, १०० ग्रॅममध्ये साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, हाडांसाठी छानच. वाफांसाठी तिचा उपयोग नाही.

पेरूची_फोड:
कुणी लिहीत नाहीये म्हणून मीच लिहिते. खालच्या बाजूचा कोरडेपणा. दोन वर्षं मला वाटायचं लघवीला इन्फेक्शन होतंय, सारखे अँटिबायोटिकचे कोर्स, नवऱ्याला टाळायचं म्हणून मुलीच्या खोलीत झोपायचं, बहाणे करायचे. शेवटी एका लेडी डॉक्टरने स्वतःहून विचारलं, मी तर तिथेच रडायला लागले. लावायचं इस्ट्रोजेनचं क्रीम दिलं, अंगात फारच थोडं जातं म्हणाली. तीन महिन्यांत माणसात आले. वाफा सगळ्यांना सांगता येतात हो, हे सांगता येत नाही.

मुलुंडची_आजी:
पोरींनो मी ६३. मराठी टायपिंग सुनेने शिकवलं, चुका असतील तर सांभाळून घ्या. माझी ५०ला गेली, आणि ५४ला एक दिवस कपड्याला डाग. मला वाटलं परत आली, गंमत वाटली, तारुण्य परत आलं म्हणून मैत्रिणीशी फोनवर हसलेसुद्धा. तीन महिने कुणाला सांगितलं नाही, मुलाला काय सांगणार आणि सून तेव्हा नवीन. नंतर पॉलिप (पिशवीच्या आतला कोंब) निघाला, साधा होता, नशीब. पण डॉक्टरीणबाई अशा ओरडल्या मला! म्हणाल्या आजी, वर्षभर बंद राहिल्यावर एक थेंब जरी दिसला तरी दुसऱ्या दिवशी यायचं, अशातल्या काहींना कॅन्सर निघतो. तेवढं लक्षात ठेवा. माझा खांदाही तेव्हाच धरला होता, केस विंचरता यायचे नाहीत, ते दीड वर्षाने सुटलं.

एक_नवरा_दादर:
पुरुषाने लिहिलेलं चालेल का माहीत नाही. घरी हेच सुरू आहे, बायको ४९. पंखा पाचवर, मी चादरीत, ती उठून खिडकीत. काही विचारलं तर "काही नाही", नाही विचारलं तर "तुला काय पडलंय". करायचं काय नेमकं?

पेरूची_फोड:
आधी स्वतःसाठी जाड गोधडी घ्या आणि पंख्याबद्दल बोलणं बंद करा. दुसरं, डॉक्टरकडे सोबत जा आणि बाहेर मोबाईल बघत बसू नका, आत बसा.

लालबागची_लेक:
आणि रविवारचा स्वयंपाक. गॅससमोर उभं राहून वाफ आली ना की पोळपाट फेकून द्यावासा वाटतो.

घामाघूम_बोरिवली:
उशिरा लिहिते, सॉरी, मध्ये दिवाळी झाली. दुसरीकडे दाखवलं. हिमोग्लोबिन ८.६ निघालं, म्हणून जिना चढताना धाप लागत होती आणि मी वयाला दोष देत होते. थायरॉइड नॉर्मल. अस्तराची बायोप्सी केली, दुखलं थोडं, रिपोर्ट चांगला आला. ऑपरेशनची आत्ता गरज नाही म्हणाल्या, आयर्न सुरू केलंय आणि पुढच्या महिन्यात ती कॉइल. वाफांचं त्यानंतर बघू, हॉर्मोनला त्या नाही म्हणत नाहीयेत, मॅमोग्राफी (स्तनांचा एक्स-रे) करून घ्या म्हणाल्यात. लोकल तीच, पण आता एक आधीची स्लो पकडते, वीस मिनिटं जास्त जातात पण खिडकी मिळते.

आणि हो, लालबागच्या लेकीची पोस्ट सासूबाईंना वाचून दाखवली. काही बोलल्या नाहीत, मेथी निवडत राहिल्या. जुडी संपत आली तेव्हा म्हणाल्या, "त्यांना गॅलरी तरी होती. मी मोरीत बसायचे, नळ सोडून."