मदत हवी आहे: रॅप्टर ७०० च्या एअर शॉकअपमध्ये हवा किती ठेवू?

नमस्कार. मी मूळचा साताऱ्याचा, गेली अकरा वर्षं शारजात. थंडीच्या दिवसांत दर शनिवारी पहाटे हत्ता रोडवर अल बदायरला, बिग रेड टेकडीच्या लाल वाळूत, यामाहा रॅप्टर ७०० ही चार चाकांची क्वाड बाइक घेऊन जातो. गाडी सेकंडहँड आहे. आधीच्या मालकाने पुढे फॉक्सचे फ्लोट एक्स इव्होल एअर शॉकअप (स्प्रिंगऐवजी हवेवर चालणारे) बसवलेत, मागे कंपनीचाच स्प्रिंगचा. माझं वजन हेल्मेट-बुटांसकट ९६ किलो.

त्रास असा आहे. साडेसहाला गाडी लोण्यासारखी चालते. नऊ वाजेपर्यंत पुढची बाजू लाकडासारखी होते. गाड्या जाऊन जाऊन वाळूत ओळीने जे उंचवटे तयार होतात, त्यांवर चाक दबायच्या ऐवजी उडतं आणि हँडल हिसका देतं. घरी आल्यावर मनगटं इतकी दुखतात की पोळीचा तुकडा मोडवत नाही.

शॉकअपच्या मुख्य चेंबरची हवा ६० पीएसआयवरून (हवेच्या दाबाचं माप) ४५ वर आणून पाहिली. उंचवट्यांवर छान वाटलं, पण टेकडीच्या धारेवरून उडी घेतल्यावर शॉकअप ठण्णकन शेवटपर्यंत दबला. आडव्या उतारावर गाडी खालच्या अंगाला अशी कलली की पोटात गोळा आला. हवेच्या दुसऱ्या, इव्होल चेंबरला (तिथे ११० आहे) भीतीपोटी कधी हातच लावलेला नाही. शिवाय डावा शॉकअप आठवड्यात ८-१० पीएसआय उतरतो, उजवा जेमतेम २-३.

इथला एक गॅरेजवाला म्हणतो, एअर काढा आणि स्प्रिंग घाला. मला ते पटत नाही. धाकटा भाऊ ६२ किलोचा आहे, तो आला की पंप लावून दोन मिनिटांत गाडी त्याच्या वजनाला जुळते. स्प्रिंग दर वेळी कोण बदलणार? ज्यांनी हे शॉकअप स्वतः वापरलेत त्यांनी कृपया सांगा, माझं कुठे चुकतंय?

प्रतिसाद १

दादा, मी कॅलिफोर्नियात ग्लॅमिसच्या वाळूत होंडा ४५०आर चालवतो, त्यावर हेच शॉकअप आहेत. काढू नका. तुम्ही एकाच चेंबरकडून दोन कामं करून घेताय, म्हणून एक सुधारलं की दुसरं बिघडतं.

मुख्य चेंबर गाडीची उंची आणि सुरुवातीचा मऊपणा ठरवतो. इव्होल चेंबर शेवटचा टप्पा सांभाळतो. दोन्हींच्या मध्ये एक सरकता पिस्टन असतो. शॉकअप दबताना मुख्य चेंबरचा दाब वाढत जातो, आणि तो इव्होलच्या दाबाला गाठेपर्यंत हा पिस्टन जागचा हलत नाही. गाठला की पिस्टन सरकतो, हवेला जास्त जागा मिळते आणि पुढचं दबणं सोपं होतं. म्हणजे इव्होलमध्ये हवा जास्त ठेवली की हे सोपं होणं उशिरा सुरू होतं, आणि शॉकअप शेवटी ताठ राहतो. आपटणं आणि कलणं, दोन्हींवर उपाय तिथेच आहे.

आता नऊ वाजताचं लाकूड. पहाटे १५ अंशांत भरलेले ६० पीएसआय, आतली हवा ६० अंशांपर्यंत तापली तर जवळपास ७२ होतात. वातावरणाचा १४.७ पीएसआय दाब धरूनच हा हिशोब करायचा असतो. म्हणून थोडं चालवून शॉकअप कोमट झाल्यावर हवा जुळवा, आणि कितीला जुळवली ते लिहून ठेवा.

सगळ्यात महत्त्वाचं, हवा भरताना पुढची चाकं जमिनीवर असतात का? असतील तर तुमचा ६० हा आकडा खरा नाही. गाडी घोडीवर घ्या, चाकं लोंबकळू द्या, मगच भरा. नंतर पूर्ण कपड्यांनिशी बसून पुढची बाजू किती बसते ते मोजा. रॅप्टरच्या पुढच्या चाकाची हालचाल २३१ मिमी आहे, त्याच्या पाव ते तिसरा हिस्सा, म्हणजे साधारण ६० ते ७५ मिमी बसली तर बरोबर. ही उंची आधी मुख्य चेंबरने मिळवा, मग इव्होल १० च्या पटीत वाढवत जा. एका वेळी एकच गोष्ट बदला.

प्रतिसाद २

पुण्यात दुचाकींच्या सस्पेन्शनचं काम करतो, म्हणून फक्त गळतीबद्दल. पंप लावला की थोडी हवा नळीत जाते, त्यामुळे दर वेळी आकडा कमीच दिसणार. तुमच्या उजव्याचे २-३ बहुतेक तेच. डावा मात्र गळतोय. साबणाचं पाणी आधी व्हॉल्व्हवर लावा, मग दांड्याच्या सीलवर. सीलपाशी बुडबुडे आले तर शॉकअप खोलावा लागेल, आणि ते घरी करू नका, आत नायट्रोजन दाबाखाली असतो. आणि धुताना प्रेशरचा पाइप सीलवर मारू नका, वाळू आत ढकलली जाते.

धागाकर्ता

दोघांचे मनापासून आभार. पहिलं म्हणजे, हो, मी चाकं जमिनीवर ठेवूनच भरत होतो. घोडीवर घेतल्यावर "६०" चे ५१ निघाले!

साबणपाण्यात डाव्या व्हॉल्व्हच्या तोंडाशी मोहरीएवढा बुडबुडा फुगायचा, फुटायचा, पुन्हा फुगायचा. सील कोरडं. व्हॉल्व्हची पिन काढली तर तिच्या रबरावर लाल वाळूचा एक कण रुतलेला. टोपी नव्हतीच. नवीन पिन आणि टोपी बसवली, आठवडा झाला, डावा-उजवा सारखे आहेत.

काल कोमट शॉकअपवर मुख्य ५०, इव्होल १४० ठेवलं. बसून ६८ मिमी. नऊ वाजता तेच उंचवटे, हँडल हातात शांत. धारेवरून दोनदा उतरलो, ठण्ण नाही. आडव्या उतारावर अजून थोडी कलते, पुढच्या शनिवारी इव्होल १५० करून बघतो आणि इथेच लिहितो. तेव्हा भाऊही येणार आहे, त्याच्या ६२ किलोचे आकडेही टाकेन.