प्रतिसाद : 'एफ' कॉर्ड, संयम आणि पुण्याचा पावसाळा

गिटारवर 'एफ' हा कॉर्ड (एकत्र वाजवायचे सूर) धरायला जमत नाही, म्हणून अजून जोर लावते, असं इथे एकीने विचारलंय. गिटार संयम शिकवते हे त्यावरचं उत्तर खरंच, पण या प्रश्नाला नुसता संयम पुरणार नाही. जोर लावणं हीच इथली चूक आहे.

तर्जनीला सहाही तारा दाबायच्या नसतात. तिच्या वाट्याला पहिली (सगळ्यात बारीक), दुसरी आणि सहावी एवढ्याच. बाकी तीन इतर बोटं सांभाळतात. तर्जनी किंचित अंगठ्याकडच्या कडेवर कलवा, म्हणजे पेराखालच्या खळगीत तार बुडणार नाही. अंगठा नेकच्या (गिटारच्या दांडीच्या) मागे, साधारण मधोमध. दाब चिमटीतून न आणता कोपर मागे ओढून आणा.

आणि सुरुवात पहिल्या फ्रेटवर (दांडीवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांनी पडलेल्या पहिल्या घरात) नको. नटजवळ (दांडीच्या टोकाला तारा ज्या खाचांमधून जातात ती पट्टी) तार सगळ्यात ताठ लागते. हाच आकार पाचव्या फ्रेटवर धरा (तिथे तो 'ए' होतो), एकेक तार छेडून ऐका, स्वच्छ वाजला की एक फ्रेट खाली, नटच्या दिशेने. रोज दहा मिनिटं पुरे. मनगट दुखलं की लगेच थांबा.

तरीही अडलं तर वाद्य तपासा. तार तिसऱ्या फ्रेटवर दाबा. तार आणि पहिल्या फ्रेटची पट्टी यांत कागदाएवढीच फट हवी. जास्त असेल तर नटची खाच उंच आहे, ती कारागिराकडूनच घासून घ्या. पुण्यात जून ते सप्टेंबर लाकूड फुगून तारा वर उचलल्या जातात. पेठेतल्या जुन्या घराच्या ओलसर भिंतीला तर गिटार टेकवूच नका. केसमध्ये, सिलिका जेलच्या (ओल शोषणाऱ्या) पुड्यांसोबत ठेवा.