पहिल्या बेसला अजून एक पोर पाहिजे

अ-३०१ (बेसबॉलचे सर): नमस्कार मंडळी. आपल्या पहिल्या बेसवरच्या पोराचं मनगट मोडलंय. सहा आठवडे प्लास्टर. पुढच्या रविवारी लेले मैदानावर शहापूरच्या पोरांबरोबर सामना ठरलाय. आठ जण पक्के आहेत, नववं पाहिजे. या जागेला दुसरं पोर आधीच तयार ठेवायला पाहिजे होतं, ते माझ्याकडून राहिलं. कुणाच्या घरी कोण आहे, सांगा.

ब-१०२ वहिनी: काल रात्री जेवला नाही ओ. हाताचं दुखणं राहिलं बाजूला, सामना चुकणार म्हणून रडायलाय.

चेअरमन अण्णा: क-२०४ च्या थोरल्याला घ्या की सर. ताडासारखा वाढलाय. नुसता हात वर केला तरी बॉल मिळतोय.

क-२०४: अण्णा, त्याची एसएसएलसी आहे. परीक्षा होईपर्यंत त्याचं नाव काढू नका.

अ-३०१ सर: अण्णा, उंची कामाला येतेच, पण आपल्या पोरांचे थ्रो डोक्यावरून कमी जातात. लांबून फेकलं की बॉल बेसच्या हातभर अलीकडं टप्पा खातो. तो उसळायच्या आत मिटात, म्हणजे बेसवाल्याच्या हातमोज्यात, उचलणं, हे त्या जागेचं खरं काम. होमपासून, म्हणजे बॅटिंगच्या जागेपासून, पहिला बेस ९० फूट, म्हणजे विकेट ते विकेटपेक्षा २४ फूट जास्त. अमेरिकेतल्या मोठ्या लीगचे खेळाडू ते चार-साडेचार सेकंदांत पळतात. आपल्या पोरांना जास्त लागतात, पण आपले थ्रोही तेवढेच सावकाश. शॉर्टस्टॉपनं, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधल्या पोरानं, कितीही छान अडवून फेकलं आणि बेसवाल्याच्या हातून सुटलं, की पळणारा सुखरूप पोचला. मैदानातल्या बहुतेक थ्रोंचा शेवट त्याच्याच हातात होतो. उरलेल्या पोराला तिथं उभं करून चालत नाही.

क-१०१ दादा (कॅप्टन): सर, अ-२०२ ची खो-खोवाली?

अ-३०१ सर: ती सेंटर फील्डलाच बरी. तिला पळायला मैदान पाहिजे, बेसच्या एका पोत्याला बांधून ठेवू नये.

अ-२०१ काकू: आमचा बारका डावखुरा आहे. चालतंय काय? शाळेत त्याला म्हणे डावऱ्याला जागाच नाही.

अ-३०१ सर: काकू, फार बरं विचारलंत. कॅचर (आपल्या विकेटकीपरसारखा), शॉर्टस्टॉप, तिसरा बेस इथं डावऱ्याला सहसा उभं करत नाहीत, पण पहिला बेस खास त्याच्यासाठीच. मिट उजव्या हातात येतो, म्हणजे दुसऱ्या बेसच्या बाजूला. पळणाऱ्याला चटकन शिवता येतं आणि दुसऱ्या बेसला फेकताना अंग फिरवावं लागत नाही. त्याला संध्याकाळी साडेपाचला खाली पाठवा. ब-३०३ च्या आजी, तुमच्या नातीलाही पाठवा. गल्लीत विकेटकीपिंग करते ती.

ब-३०३ आजी: पाठवते. बॉल तोंडाला लागणार नाही ना ओ?

अ-३०१ सर: आजी, आधी टेनिस बॉलनं बघतो.

ब-१०२ वहिनी: सर, एक विचारू? दुसऱ्याला बसवलं की आमच्या पोराची जागा गेली म्हणायची काय? त्याला कुणीतरी त्या वॉली पिपची गोष्ट सांगितलीय.

अ-३०१ सर: वहिनी, ती गोष्ट खरी आहे, लपवत नाही. १९२५ च्या जूनमध्ये न्यूयॉर्क यांकीजनी पिपला बसवून लू गेरिगला पहिल्या बेसवर उतरवलं आणि तो १९३९ पर्यंत सलग २१३० सामने खेळला. पण पिप काही संपला नाही, सिनसिनाटीकडून आणखी तीन वर्षं खेळला. आणि आपण काय यांकीज नाही. प्लास्टर निघालं की पहिला सामना त्याचाच, हे मी इथं सगळ्यांसमोर लिहितोय.

ब-१०२ वहिनी: दाखवते त्याला.

अ-३०१ सर: (संध्याकाळी ७) बघून झालं. पार्किंगमध्ये दोघांना वीस-वीस बॉल टाकले, सगळे पायाजवळ टप्पा खाणारे. बारक्याचे हात चांगले आहेत, पण टप्पा पडला की मान वळते. ते महिनाभरात जातं. नातीनं चौदा उचलले आणि एकदाही डोळे मिटले नाहीत. कीपिंगची सवय दिसते. अमेरिकेतसुद्धा कॅचरला पहिल्या बेसवर आणतात. मिनेसोटा संघाचा कॅचर, जो माउअर नावाचा, डोक्याला मार बसल्यावर २०१४ पासून तिथंच खेळला.

रविवारी नात खेळेल. आणखी एक कारण म्हणजे आपल्याकडं मिट एकच आहे आणि तो डाव्या हातात घालायचा. बारक्याला उजव्या हाताचा लागणार. तो वर्गणीतून घ्यायचा काय, अण्णा?

चेअरमन अण्णा: घेऊया की. माझ्याकडून निम्मे.

अ-२०१ काकू: राहिलेले आमचे. पोरगं अजून खाली भिंतीला बॉल मारत बसलंय बघा.

अ-३०१ सर: आणि सॉफ्टबॉलमध्ये पहिल्या बेसला जोड-बेस असतो, पांढरा आत, नारिंगी बाहेर. पळणारा नारिंगीवर पाय देतो, म्हणजे बेसवाल्याच्या घोट्यावर येत नाही. शहापूरच्या सरांशी बोललोय, रविवारी दोन्हीकडून तसाच वापरायचा ठरलाय. आजींसाठी सांगतोय.

ब-३०३ आजी: बरं केलंत. आता झोप लागेल.

ब-१०२ वहिनी: सर, मिट आमच्याकडंच आहे. मधे बॉल ठेवून दोरीनं बांधून ठेवलेला, खोबरेल लावून. पोरगा म्हणतोय, मीच नेऊन देतो, मला तिला एक दाखवायचंय. पाय आधीच बेसवर रोवायचा नाही, थ्रो कुठं येतोय ते बघून मग उजव्या पायाचा चवडा कडेला लावायचा. मधोमध ठेवला की तुडवतात म्हणे.

ब-३०३ आजी: येऊ दे त्याला. जेवायलाच पाठवा, पिठलं-भात केलाय.