"हे कोणी पाहिलं होतं?" विचारणाऱ्या मुलीसाठी इतिहासाची आणि निसर्गाची पुस्तकं हवीत

जांभूळपान

मुलगी नऊ वर्षांची, चौथीत, मराठी माध्यम. वाचनाचा कंटाळा अजिबात नाही, पण राजाराणीच्या गोष्टींवरून मन उडालंय. काहीही वाचलं की पहिला प्रश्न, "हे खरं आहे का? कोणी पाहिलं होतं?" चौथीला शिवाजी महाराजांचा इतिहास आहे. तो तिला मनापासून आवडला, पण तिथेही तेच: महाराजांच्या वेळी काय झालं ते लिहून कोणी ठेवलं?

आम्ही परभणीला राहतो. दुकानात मुलांसाठी माहितीची पुस्तकं मागितली की दोनच प्रकार पुढे येतात. एक थोर पुरुषांची: जन्म, शिक्षण, कार्य, निधन. दुसरी प्राण्यांची चकचकीत पुस्तकं, त्यात जिराफ, पेंग्विन, ध्रुवीय अस्वल. आमच्या घरामागच्या बाभळीवर सुगरणींचे खोपे लटकलेत, त्यांच्याबद्दल कुठेच काही सापडत नाही.

आपल्या मातीतलं, खरं आणि रंगवून सांगितलेलं काही सुचवा. मराठी असेल तर उत्तम. सोपं इंग्रजी असेल तर मी शेजारी बसून वाचेन.

पाऊलवाट

आधी फुकटचं सांगतो. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतंय आणि जुने अंक नेटवर मोफत वाचता येतात. एकेका अंकात पक्षी, किल्ले, शास्त्रज्ञ असं बरंच असतं. प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर'वरही मराठी पुस्तकं मोफत आहेत, तिथे वाचनाची पातळी निवडता येते. नॅशनल बुक ट्रस्टची मुलांची पुस्तकं स्वस्त असतात. पुस्तक प्रदर्शन लागलं की त्यांचा स्टॉल चुकवू नका.

वाचनखोली

जांभूळपान, तुमच्या मुलीचा प्रश्न हीच पुस्तक निवडायची कसोटी आहे. मी मुलांचं छोटं वाचनालय चालवते आणि नवीन पुस्तक आलं की एकच गोष्ट बघते: माहिती देताना ती *कशी कळली* हे सांगितलंय का? नुसतं "सिंधू संस्कृतीत विटांची घरं होती" असं लिहिलेलं पुस्तक मुलं परीक्षेपुरतं वाचतात. कोणी खणलं, काय सापडलं, त्यावरून काय ताडलं, हे सांगणारं पुस्तक पळवतात.

सुगरणीचंच घ्या. बहिणाबाईंच्या कवितेमुळे आपल्या सगळ्यांच्या मनात खोपा विणणारी सुगरण आहे. प्रत्यक्षात विणकाम नर करतो. अर्धा खोपा झाला की मादी येऊन बघते, पसंत पडला तर राहते आणि मग तो पुरा होतो. मादी आत अंड्यांवर बसली की नर शेजारी दुसरा खोपा विणायला घेतो, दुसऱ्या मादीसाठी. हे कोणी पाहिलं? सलीम अलींनी, १९३० च्या सुमारास, अलिबागजवळच्या किहीमला. तेव्हा हातात नोकरी नव्हती. सुगरणींच्या वसाहतीवर रोज नजर ठेवून त्यांनी नोंदी केल्या, त्यातून हे उलगडलं. कविता आणि ही हकिगत दोन्ही मुलांना एकाच बैठकीत सांगते. कविता त्यांना पुढेही तितकीच आवडते आणि नजर मात्र झाडावर जाते. तुमच्याकडे तर बाभूळ घरामागेच आहे. पावसाळ्यात वही घेऊन बसवा तिला. सलीम अलींचं आत्मचरित्र 'द फॉल ऑफ अ स्पॅरो' (१९८५) मोठ्यांसाठी आहे, पण लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने पाडलेल्या, गळ्यावर पिवळा ठिपका असलेल्या चिमणीचा प्रसंग आणि किहीमचा भाग तुम्ही वाचून तिला सांगू शकता.

मराठीत तिच्या वयाला सर्वांत आधी डॉ. प्रकाश आमटे यांचं 'रानमित्र' देईन. हेमलकशाला त्यांनी सांभाळलेल्या प्राण्यांच्या या हकिगती. ज्याने स्वतः बिबट्या वाढवला तोच सांगतोय, म्हणजे "कोणी पाहिलं" हा प्रश्नच मिटला.

थोडी मोठी झाली की व्यंकटेश माडगूळकरांचं 'नागझिरा'. जंगलात जाऊन राहिलेल्या माणसाने जे दिसलं ते लिहिलंय आणि फार काही घडत नाही. म्हणूनच घाई करू नका, नऊव्या वर्षी ते संथ वाटेल. मारुती चितमपल्लींचं लेखन मात्र आताही चालेल, पण मोठ्याने वाचून दाखवा. त्यांच्याकडे पाखरांची, झाडांची इतकी देशी नावं आहेत की मुलं ती चघळत बसतात.

इतिहासासाठी माझं आवडतं उदाहरण इनामगाव. शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठावर, डेक्कन कॉलेजने १९६८ पासून कितीतरी वर्षं इथे उत्खनन केलं. तीन हजार वर्षांपूर्वीचं शेतकऱ्यांचं गाव. राजा नाही, लढाई नाही. पण जळालेल्या दाण्यांवरून कळतं की लोक जव पिकवत होते, हाडांवरून कळतं कोणती जनावरं होती. पाच खोल्यांच्या एका घरात चार पायांच्या मातीच्या रांजणात पुरलेला माणूस सापडला, तो गावचा प्रमुख असावा असं संशोधक म्हणतात. "असावा का म्हणतात, होता का नाही म्हणत?" असं मुलं विचारतात, आणि तिथून पुढची चर्चा मला आवरावी लागते. या उत्खननातले म. के. ढवळीकर मराठीतही लिहीत. त्यांची पुस्तकं तुम्ही वाचा आणि तिला तुमच्या शब्दांत सांगा.

नेहरूंनी इंदिरेला लिहिलेली पत्रंही घ्या. १९२८ चा उन्हाळा, मुलगी दहा वर्षांची, ती मसुरीला आणि वडील अलाहाबादला. नदीतला गोटा गुळगुळीत कसा झाला, इथून ते पृथ्वीचा इतिहास वाचायला शिकवतात. मानववंशांबद्दलचं त्यातलं काही आता जुनं झालंय, तिथे थांबून आजचं सांगा.

गडवाट

वाचनखोली यांच्याशी सहमत, पण लढाया इतक्या बाजूला सारू नका. माझ्या मुलाला इतिहासाची गोडी लढायांनीच लागली. हवा तो पुरावा.

जांभूळपान, तुमच्या मुलीच्या प्रश्नाला थेट उत्तर आहे. १६७४ च्या राज्याभिषेकाला हेन्री ऑक्झिंडेन हा इंग्रजांचा वकील रायगडावर हजर होता, त्याने डोळ्यांनी पाहिलेलं लिहून ठेवलंय. कृष्णाजी अनंत सभासद महाराजांच्या पदरी होता, पण त्याने बखर लिहिली ती नंतर, जिंजीला, राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून. शिवाय खुद्द महाराजांची पत्रं आहेत. यातलं कोणतं त्याच वेळचं, कोणतं नंतरचं, हे नऊ वर्षांच्या मुलीला नक्की कळतं. हिरकणीची गोष्टही जरूर सांगा, पण दंतकथा म्हणून सांगा.

किल्ल्यांसाठी गो. नी. दांडेकरांचं 'दुर्गदर्शन'. भाषा जड वाटली तर किल्ल्यावर जायच्या आदल्या रात्री तेवढंच प्रकरण वाचा. आणि गडावर गेल्यावर पाण्याची टाकी दाखवा. ज्या कातळातून बांधकामाचा दगड काढला, त्याच खड्ड्यात पावसाचं पाणी साठवलं.

जांभूळपान

ऑक्झिंडेनचं तिला आत्ताच सांगितलं. म्हणाली, "मग तो काय जेवला तेही लिहिलं असेल." आता हे शोधावं लागणार! इंग्रजीत रोजच्या जगण्याबद्दलचं काही आहे का?

वाचनखोली

आहे की. सुभद्रा सेनगुप्ता यांचं 'लेट्स गो टाइम ट्रॅव्हलिंग'. पूर्वी लोक काय खात, काय घालत, मुलं काय खेळत, असलंच सगळं. मिरची, बटाटा, टोमॅटो हे पोर्तुगीजांच्या काळात समुद्रापलीकडून आलं हे कळल्यावर आमच्याकडची मुलं घरी जाऊन आज्यांना विचारत होती, मग तिखट कशाचं घालायचे? मिऱ्याचं. उत्खननाची गोडी लागली तर देविका करियप्पा यांचं 'इंडिया थ्रू आर्किऑलॉजी', चित्रं छान आहेत आणि "हे कसं कळलं" हा त्याचा कणाच आहे.

'रानमित्र' मात्र आधी तुम्ही वाचा. शिकारीत आई गेलेली पिल्लं त्यात आहेत. मुलगी हळवी असेल तर ती पानं एकटीला वाचायला देऊ नका, सोबत बसा.