अर्धवट प्रतिकारशक्ती असताना साथीच्या मॉडेलांवर भरवसा ठेवावा का?

सावली
केंद्राने नेमलेल्या तज्ज्ञ समितीच्या गणिती मॉडेलने (साथ कशी पसरेल याचा समीकरणांनी काढलेला अंदाज) ऑक्टोबर २०२० मध्ये सांगितलं होतं, की फेब्रुवारी २०२१ पर्यंत कोविडची साथ जवळपास ओसरेल. एप्रिलमध्ये लोक ऑक्सिजनसाठी वणवण फिरत होते. काहींना प्रतिकारशक्ती आहे, काहींना नाही, काहींना अर्धीच, अशा समाजावर धोरण आखायला ही मॉडेलं वापरूच नयेत.

त्रिज्या
'वापरूच नयेत' पटत नाही. त्या अंदाजाला अट होती: लोकांनी काळजी घेत राहायची. शिवाय मुंबई बघा. जुलै २०२० च्या सेरो सर्वेक्षणात, म्हणजे रक्तातल्या अँटीबॉडी तपासून किती जणांना लागण होऊन गेली ते पाहणाऱ्या पाहणीत, तीन वॉर्डांतल्या झोपडपट्ट्यांत ५७% लोकांमध्ये अँटीबॉडी सापडल्या, बाकीच्या वस्तीत १६%. सरासरी धरली तर काहीच कळत नाही. दोन गट वेगळे मांडले, तर पुढचा फटका इमारतींना बसणार हे कागदावरच दिसतं. २०२१ च्या सुरुवातीला तेच झालं.

सावली
ऑगस्टच्या फेरीत झोपडपट्ट्यांचा आकडा ४५% आला. संरक्षण गेलं, की नुसत्या अँटीबॉडी ओसरल्या? हे माहीत नसताना समीकरणात काय घालणार?

त्रिज्या
दोन्ही शक्यता घालून बघायच्या. लस ६०% परिणामकारक म्हणजे काय? शंभरातल्या ६० जणांना पूर्ण संरक्षण, की शंभरही जणांचा धोका दर संपर्कामागे ६०% कमी? पहिल्या संपर्कात फरक दिसत नाही. पण रोज लोकलने जाणाऱ्याची विषाणूशी गाठ पुन्हापुन्हा पडते. दुसऱ्या प्रकारात तो कधीतरी सापडतोच; पहिल्यात ते ६० जण शेवटपर्यंत सुटतात. गणित केल्याशिवाय हा फरक किती मोठा, ते कळणार नाही.

ओपीडीवाला
सावलीताईंच्या बाजूने एक भर. केरमॅक आणि मॅकेंड्रिक या संशोधकांनी १९२७ मध्ये साथीचं आपलं प्रसिद्ध मॉडेल मुंबईच्याच १९०५-०६ च्या प्लेगमृत्यूंवर बसवून दाखवलं. वक्र सुरेख बसला. पण प्लेग उंदरांच्या पिसवांमार्फत पसरतो, ऋतूप्रमाणे चढतो-उतरतो, आणि त्यांनी लागण होण्याचे वगैरे दर स्थिर धरले होते. आकडे जुळले म्हणजे कारण सापडलं असं नाही.

त्रिज्या
मान्य. म्हणून मी एका वक्रावर विसंबत नाही. गृहीतकं बदलून येणाऱ्या सगळ्या उत्तरांचा पट्टा द्यावा, आणि कोणतं गृहीतक सर्वात नाजूक आहे तेही सांगावं.

सावली
असा पट्टा निर्णय घेणाऱ्यांपुढे गेला तर माझी हरकत नाही. तिथे एकच रेघ आणि एकच तारीख पोचते, तोवर माझा विरोध कायम.