ऑटो-मार्क बंद करून खेळून बघा

वर एका ताईंनी लिहिलंय की मोबाईलवरच्या बिंगोत नुसतं बघत बसायचं, हाउजीची मजा नाही. ताई, सेटिंगमध्ये ऑटो-मार्क, म्हणजे ॲपने आकड्यावर आपोआप खूण करणं, बंद करा. आकडा स्वतः शोधावा लागला की खेळात जीव येतो.

शिवाय खेळही थोडा वेगळा आहे. आपल्या हाउजीत ९० आकडे, तिकिटावर ३ ओळी आणि १५ आकडे. बऱ्याच ॲपमध्ये अमेरिकन पद्धतीचे ७५ आकडे, ५ बाय ५ ची चौकट आणि मधलं घर फुकट. तिथे जल्दी पाच (सगळ्यात आधी पाच आकडे लागणाऱ्याचं बक्षीस) नसतं, तिरकी ओळसुद्धा चालते.

आमच्या घरी, सांगलीत विश्रामबागला, आई फोन डब्याला टेकवून फक्त आकडे काढणारं ॲप लावते. तिकिटं कागदाची, खुणेला हरभऱ्याचे दाणे. पुण्याचा भाऊ व्हिडिओ कॉलवर. आकडा आई मोठ्याने मराठीतच सांगते. इंग्रजी शाळेतला भाचा आधी ‘एकोणऐंशी’ ऐकून एकोणनव्वदवर दाणा ठेवायचा. आता चुकत नाही, उलट आईच्या आधी ओरडतो! मला याचं फार अप्रूप वाटतं.

एक मात्र कळकळीने सांगते. ॲपने पैसे भरायला सांगितले, की लगेच काढून टाका. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये केला आहे. घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या फोनमध्येही एकदा बघून घ्या, त्यांना जाहिरात कुठली आणि खेळ कुठला ते पटकन कळत नाही.