न दुखणाऱ्या गाठीबद्दल

वृषणातल्या गाठीबद्दल "दुखत नाही, म्हणजे घाबरायचं कारण नाही" असं काही जण सांगतात, ते धोकादायक आहे. वृषणाचा कर्करोग बहुतेकदा न दुखणाऱ्या, टणक गाठीनंच सुरू होतो, तोही तरुण वयात, साधारण १५ ते ४०. गरम पाण्याच्या अंघोळीनंतर अंडकोशाची त्वचा सैल असते, तेव्हा एकेक वृषण अंगठा आणि बोटांमध्ये हलकेच फिरवून बघा. मागच्या बाजूला लागणारा मऊ, लांबट उंचवटा म्हणजे एपिडिडायमिस, शुक्राणू साठवणारी नळी. तो सगळ्यांनाच असतो. गाठ खुद्द वृषणात असेल तर यूरॉलॉजिस्टकडेच (मूत्रमार्ग आणि पुरुष जननेंद्रियांच्या डॉक्टरांकडे) जा. आधी सोनोग्राफी, मग रक्तात एएफपी, बीटा एचसीजी, एलडीएच या चाचण्या, कर्करोगाच्या खुणा शोधायला. सुई घालून नमुना घेणं इथे सहसा टाळतात, पेशी पसरण्याची भीती असते.

शिश्नाच्या टोकाच्या कडेनं ओळीत असलेले बारीक, एकसारखे दाणे निरुपद्रवी. त्यांना चामखीळ समजून मेडिकलमधलं ॲसिड कृपा करून लावू नका, कातडी जळते. शिश्नावरचा न दुखणारा कडक व्रण मात्र दाखवाच, तो सिफिलिस या लैंगिक संबंधातून पसरणाऱ्या आजाराचा असू शकतो: व्रण आपोआप भरतो, पण सिफिलिस शरीरात राहतो. सरकारी रुग्णालयांतल्या सुरक्षा क्लिनिकमध्ये (लैंगिक आजारांच्या दवाखान्यात) तपासणी मोफत होते.

आणि अंडकोशात अचानक तीव्र कळ, उलट्या, एक वृषण वर ओढलेलं असेल, तर वृषणाला पीळ पडलेला असू शकतो. सकाळची वाट पाहू नका, ६ तासांच्या आत शस्त्रक्रिया झाली तर वृषण वाचण्याची शक्यता सर्वाधिक असते.